हवेली म्हणतात ती जागा

यवतमाळच्या हवेली चौकात हवेली नाही. तिथं लग्नाच्या बस्त्याची दुकानं आहेत, बांगड्यांची आहेत, सोनारांची आहेत, दोन बँडवाल्यांच्या पाट्या आहेत आणि पत्रिका छापणारा एक छापखाना आहे. शहरात नवा आलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, हवेली कुठाय म्हणून. दुकानदार कापड मोजता मोजता हवेत कुठंतरी हात करतो आणि सांगतो, होती म्हणतात.

त्या ‘होती म्हणतात’पायी देवराव लोहकरे यांनी अर्ध्या शहराचं डोकं खाल्लं होतं.

देवराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. यवतमाळच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारा तो खणखणीत आवाज त्यांचा. कळंब, राळेगाव, झरी जामणी, राजूर अशी गावांची नावं दिवसभर त्यांच्या तोंडात असत, आणि नाव नुसतं पुकारून सोडून देणं त्यांना जमत नसे. झरी जामणीची गाडी लागली की ड्रायव्हरला विचारत, यातली झरी कोणती आणि जामणी कोणती. यवतमाळातला ‘माळ’ हा माळ की महाल, यावर त्यांनी कँटीनमध्ये इतक्यांदा वाद घातला होता, की ते चहाला आले की काही कंडक्टर बिस्किटं हातात घेऊनच उठत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारची शहरफेरी सुरू केली. सकाळी उन्हं चढायच्या आत पंधरा-वीस माणसं गोळा होत. शकुंतला रेल्वेचं बंद स्टेशन, जुन्या जिनिंगच्या भिंती, तलावफैल असं करत फेरी शेवटी हवेली चौकात येई. तिथल्या कडुनिंबाखाली उभं राहून देवराव खास माईकचा आवाज लावत आणि म्हणत, “या जागेला हवेली म्हणतात.” मग हवेलीचं वर्णन सुरू होई. पहिल्या वर्षी ती दोन मजली होती. पुढं तिला सात दरवाजे फुटले, आणि आता आतल्या चौकात राण्यांचं न्हाणंही झालं होतं. देवराव खोटं सांगत नसत. चौकातल्या म्हाताऱ्यांकडून दोन गोष्टी कानावर आल्या, की त्यातली मोठी घेत, एवढंच.

मनात मात्र खुटखुट होती. कागदांमध्ये हवेली नव्हती. जुन्या नकाशात त्या जागी काहीच काढलेलं नव्हतं, मोकळं मैदान. एवढी मोठी हवेली पडली तर तिची एक वीटही आजूबाजूच्या भिंतींत दिसू नये, हे त्यांना पटत नव्हतं. ते येता-जाता लोकांच्या भिंती निरखत आणि घरातून कोणी डोकावलं की रामराम घालून पुढं होत.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रकरण एकदम तापलं. चौकातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चौकाच्या तोंडाशी कमान उभी करायला घेतली. खांब उभे राहिले, वरची पट्टी बसली, आणि नाव लिहायची वेळ आली तसा सोनारांनी मुद्दा काढला, की जी नाहीच त्या हवेलीचं नाव कमानीवर कशाला? गोल्डन चौक म्हणू. ऐकायला बरं, आणि खोटंही नाही. व्यापारी मंडळाचा सचिव रजत डहाके, म्हणजे बस्त्याच्या सगळ्यांत मोठ्या दुकानाचा मालक. हिशेबी, पण हसतमुख माणूस. त्यानं देवरावांना दुकानात बोलावून थंडगार मठ्ठा पाजला आणि मगच बातमी दिली.

“काका, हवेली दाखवा, नाव ठेवतो. नाही तं मंडळाच्या बैठकीनंतर मी गोल्डनची ऑर्डर देऊन राह्यलो.”

देवराव तिथून उठले ते थेट खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. कारण त्याच आठवड्यात पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी चौक खोदायला घेतला होता. शहरानं आजवर झाकून ठेवलेली जमीन नेमकी आताच उघडत होती. रोज सकाळी जेसीबीच्या आधी देवराव हजर. डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. मातीचा प्रत्येक ढीग काठीनं उकरून पाहायचे. ऑपरेटर त्यांना म्हणायचा, काका, सोनं निघालं तं अर्धं माझं.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेसीबीचं तोंड दगडावर खणकन आपटलं. देवरावांनी दोन्ही हात वर करून मशीन थांबवलं. कुदळीनं माती काढली तसा कडुनिंबाच्या मुळांशी एक लांबलचक, अरुंद दगड दिसू लागला. आतून कोरलेला, गुळगुळीत, कडेला पाणी जायला भोक. त्यांनी तिथूनच फोटो काढून शहरफेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, राण्यांचं न्हाणं सापडलं.

दुपारपर्यंत चौकात जत्रा. पोरी दगडापाशी सेल्फी काढत होत्या, कोणीतरी हळदकुंकूही वाहून गेलं होतं. संध्याकाळी देवरावांनी बायकोला स्कूटीवर बसवून दाखवायला आणलं. रुखमाबाई कळंबकडच्या शेतकऱ्याची लेक. बैलाच्या पाठीला पाठ लावून वाढलेली. नवऱ्याच्या हवेलीबद्दल तिनं आजवर हूं की चूं केलं नव्हतं. ती खड्ड्याच्या काठावर बसली, दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाली, “अवो, ह्याच्यात कोन राणी आंघोळ करन? मांडी तरी घालता येते काय?”

भोवतीचे लोक हसले. रुखमाबाईनं कडेवरून हात फिरवून दाखवला. कड एकाच बाजूनं झिजली होती, ठरावीक अंतरावर, उतरत्या खळग्यांसारखी. ढोरांच्या गळ्यांनी घासली होती. तिच्या बापाच्या विहिरीवर अशीच होती, फक्त लहान. ही ढोरांना पाणी पाजायची डोणी होती.

न्हाण्याचं असं वाटोळं झाल्यावर दुसरा कोणी असता तर दोन दिवस तोंड लपवून बसला असता. देवराव घरी पोचेपर्यंत सावरले होते. डोणी म्हणजे ढोरं, ढोरं म्हणजे तबेला, आणि तबेला म्हणजे हवेली. उलट हे जास्त पक्कं झालं. त्यांनी ग्रुपवर तशी दुरुस्ती टाकली.

पण दुसऱ्या दिवशी त्याच ओळीत दुसरी डोणी निघाली, आणि तिच्यापुढं तिसरी. तोंडाला तोंड लावून, नाल्यासारखी सरळ. एवढ्या डोण्या म्हणजे शेकडो बैल. देवराव चहा निवत ठेवून बायकोला विचारत राहिले, एका सरदाराला एवढे बैल कशाला लागतील? त्यांना चारणार कोण, बांधणार कुठं? रुखमाबाईचं म्हणणं पडलं, की एवढे बैल कोणी बांधून ठेवत नाही. एवढे बैल आले असतील आणि पाणी पिऊन गेले असतील. हे वाक्य देवरावांनी ऐकलं, पण हवेलीत ते कुठं बसवायचं ते त्यांना सुचलं नाही.

बैठक पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी होती, आणि नेमकं तिच्या आदल्या दिवशी धरमसिंगच्या नातीचं लग्न.

धरमसिंग राठोड हा एसटीतला ड्रायव्हर, देवरावांचा जुना दोस्त. एक माईकवर, एक स्टिअरिंगवर, अशी त्यांची सगळी नोकरी एकमेकांना टोमणे मारण्यात गेली. आर्णी रस्त्याला त्याचा तांडा. देवरावांनी फोनवर टाळाटाळ करून पाहिली, खड्ड्याचं सांगितलं. धरमसिंगनं ऐकून घेतलं आणि बजावलं, की तू आला नाहीस तर अख्खं वऱ्हाड घेऊन तुझ्या हवेलीत जेवायला येतो.

म्हणून देवराव आणि रुखमाबाई गेले. मांडव मोठा, कूलर लावलेले, डीजे छाती हादरवत होता. नवरी शीला नागपुरात नर्स. लेहंगा ऑनलाइन मागवलेला, आणि बाहेर फुलांनी सजवलेली इनोव्हा उभी. मात्र धरमसिंगची आई मानीबाई, ऐंशी पार केलेली, हातात अजून बलोये, जुन्या पद्धतीच्या जाड बांगड्या, घालणारी म्हातारी, एका गोष्टीवर अडून बसली होती. पोरगी इनोव्हातून जाऊ दे नाही तर विमानातून, आधी बैलावर उभी राहील. तांड्यात आता सगळे ट्रॅक्टर. शेवटच्या घरच्या माणसाकडं एक जोडी उरली होती, त्यातला गरीब स्वभावाचा बैल धुऊन, शिंगं रंगवून आणला होता. डीजेला तो बुजला, तर मानीबाईनं डीजे बंद करायला लावला.

देवराव मांडवाच्या टोकाला जेवत होते. समोर ताट, डोक्यात डोण्या. एक बाई लगबगीनं आली आणि जेवणाऱ्या बायकांना म्हणाली, “चला वं, उठा. शीला हवेली म्हणून राह्यली.”

चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं बसलेल्या माणसाचा कान वेगळा असतो. गर्दीत, गोंगाटात, प्रवासी कसंही बोलला तरी गावाचं नाव तेवढं उचलून घेतो. देवराव ताट हातात धरूनच उभे राहिले.

मांडवाबाहेर शीलानं चपला काढल्या होत्या. दोघा भावांनी तिला बैलाच्या पाठीवर चढवलं आणि दोन्हीकडून धरलं. ती पाठीवर सरळ उभी राहिली, दोन्ही हात आभाळाकडं वर केले, आणि गायला लागली. सूर लांब, ओढलेला, रडण्याच्या अगदी काठावरचा, पण शब्द स्पष्ट. बापाच्या घराला, भावांना, तांड्याला, ढोरांना नावं घेऊन घेऊन भरभराट मागत होती. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बैल हलला नाही.

देवरावांनी धरमसिंगला कोपरानं ढोसलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण देवरावांना दम नव्हता.

“काय म्हणून राह्यली ती?”

“हवेली.”

“कोनाची?”

“कोनाची म्हंजे? तिची. जिचं लगन तिची हवेली.”

“म्हंजे घर?”

“घर कायचं बावा, गाणं हाये. बापाचं घर सोडतांनी पोरगी बैलावर उभी राहून म्हणते. त्याले हवेली म्हणतात.”

देवरावांच्या ताटातली बुंदी मातीत सांडली. त्याले हवेली म्हणतात. या जागेला हवेली म्हणतात. दर रविवारी हेच वाक्य ते कडुनिंबाखाली खड्या आवाजात म्हणत आले होते, आणि म्हणणं म्हणजे गाणं, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. लांब ओळीत मांडलेल्या डोण्या. पाणी पिऊन पुढं गेलेले शेकडो बैल. रेल्वे येण्याआधी मीठ, धान्य, कापूस पाठीवर वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे. नकाशावरचं मोकळं मैदान. जे जे हवेलीत बसत नव्हतं ते सगळं एका झटक्यात जागेवर बसलं.

“धरमसिंग, तू मले इतके वर्ष सांगितलं काहून नाही?”

“तू कवा गाणं इचारलं? तू तं इटा शोधून राह्यला होता. मले वाटे, असन कोण्या शेठची हवेली तुमच्या चौकात.”

मानीबाईला गाठायचं होतं, पण ती पणतीच्या गळ्यात पडून रडत होती. अशा वेळी म्हातारीला काही विचारणं म्हणजे मार खायचं काम. देवराव मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. इनोव्हा धूळ उडवत गेली, बायका पांगल्या, मानीबाईनं तोंड धुतलं, चूळ भरली, आणि देवराव तिच्यापुढं जाऊन उकिडवे बसले. यवतमाळात कधी तांडा उतरायचा काय, एवढंच विचारलं.

“मारी सासूर सासू,” म्हातारी लगेच म्हणाली, आणि मग मराठीत आली. तिच्या सासूची सासू यवतमाळच्या डोणीवरून या तांड्यात आली होती, असं सासू सांगायची. बैल लादून जाणारे दोन तांडे तिथल्या पाण्यावर एकत्र उतरायचे. तिथं लग्नं लागायची. मग एक तांडा वणीच्या अंगाला, दुसरा आर्णीच्या अंगाला. पोरगी बापाच्या बैलावर उभी राहून हवेली म्हणायची, उतरायची आणि दुसऱ्या तांड्याबरोबर चालू लागायची. देवरावांनी विचारलं, डोणीपाशीच काहून? म्हातारीला प्रश्नाचंच नवल वाटलं.

“मंग कुठी म्हणन? घर कुठी होतं आमचं? जिथं वाटा फुटत, तेच बापाचं दार.”

परतताना स्कूटीवर देवराव एवढे बोलत होते, की जन्मभर दुसऱ्यांना फलाट दाखवलेला हा माणूस स्वतःच्या गल्लीचं वळण चुकून पुढं गेला. रुखमाबाईनं पाठीत बोट टोचलं तेव्हा वळले.

बैठक रजतच्या दुकानात, गादीवर झाली. चहा फिरला. देवरावांनी सगळं सांगितलं. डोण्या, तांडे, बैल, गाणं. सांगताना आवाज चढत गेला आणि रस्त्यावरचे दोघंतिघं दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. रजतनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं जे विचारलं ते कोणाही शहाण्या माणसानं विचारलं असतं.

“काका, मागच्या महिन्यापर्यंत सात दरवाजे होते. मागच्या आठवड्यात राणीचं न्हाणं होतं. मंग तबेला झाला. आता गाणं. पुढच्या आठवड्यात काय?”

सोनार मनापासून हसले. देवरावही हसले, कारण हसण्यासारखंच होतं. मग म्हणाले, की पक्का पुरावा म्हणाल तर माझ्याकडं नाही. एक दगड आहे, एक शब्द आहे, आणि एका म्हातारीच्या सासूनं सांगितलेलं आहे. म्हातारी बाहेर आली आहे.

धरमसिंग आईला घेऊन आलाच होता. लग्नाचा शीण अंगावर असूनही ती निघाली, कारण तिला ती डोणी पाहायची होती. बैठक उठून चौकात आली. खड्ड्याच्या कडेला मानीबाई काठी टेकून उभी होती. तिनं वाकून झिजलेल्या कडेवर हात ठेवला. कोणीतरी मागून म्हणालं, आजी, दोन ओळी म्हणून दाखवा, म्हणजे कळेल तरी. मोबाइल वर झाले.

मानीबाईनं मान हलवली. पोरगी जायची नसेल तर हवेली म्हणत नाहीत, तिनं सांगितलं. रिकामी म्हणायची नसते. पुन्हा आग्रह झाला. ती ढिम्म. होता तेवढा पुरावा म्हातारीनं पदरात बांधून टाकला होता, आणि तिचं बरोबर होतं. मोबाइल खाली आले. सोनारांतला एक जण घड्याळ पाहायला लागला.

रजत मात्र डोणीकडं पाहत नव्हता. तो वर पाहत होता, चौकातल्या पाट्यांकडं. बस्ता, बांगड्या, मंगळसूत्र, बँड, पत्रिका. सगळीकडून फिरून त्याची नजर मानीबाईवर आली.

“आजी, पोरगी इथूनच सासरी जाये?”

“इथूनच.”

“म्हंजे पाहा,” रजत सोनारांकडं वळून म्हणाला, “आपण इतके वर्ष त्याच पोरीले साड्या विकून राह्यलो, अन् आपल्याले माहीत नाही.”

यानंतर देवरावांना फार बोलावं लागलं नाही. रजतच बोलत होता, आणि भराभर बोलत होता. हवेली चौक, सासरी जाणाऱ्या पोरींची जागा. असं नाव पैसे देऊन मिळत नाही. गोल्डन चौक काय, प्रत्येक शहरात चार आहेत. देवरावांनी मध्येच पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, की हे अजून सिद्ध झालेलं नाही. रजत म्हणाला, सात दरवाज्यांच्या वेळी तर एवढंही नव्हतं. सोनारांनी थोडी कुरकुर केली. त्यांच्या समाधानासाठी अक्षरं सोनेरी करायचं ठरलं, आणि कमानीवर बैल कोरायचा. त्यावर मानीबाईनं पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. बैलावर पोरगी उभी पाहिजे, बसलेली नाही. आणि हात वर.

मग ती डोणीकडं काठी करून म्हणाली, “हे कोरडं काहून ठेवलं? भरा.”

पाइपलाइनचं काम थोडं सरकवून डोण्या जागच्या जागी ठेवायच्या, असं ठेकेदाराशी बोलणं त्याच संध्याकाळी झालं. तोवर रजतनं दुकानातला पाइप ओढून आणला आणि पहिल्या डोणीत सोडला. भोक चिंधीनं बुजवलं. पाणी हळूहळू चढत झिजलेल्या खळग्यांना लागलं तेव्हा देवराव बैठकीतला चहा, सोनार, कमान सगळं विसरून पोरासारखे कडेला बसून पाहत होते. धरमसिंगनं विचारलं, आता तरी घरी जातोस की इथंच गाडी लावू? पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली काय बोलायचं ते देवरावांचं ठरलं होतं. वाक्यातले दोनच शब्द बदलायचे होते. या जागेवर हवेली म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा अजून गाळायचा होता, तोच फोन वाजला. रजत होता. मागून हंबरण्याचे, हाकलण्याचे, शटर आपटल्याचे आवाज येत होते.

“काका, लवकर या,” तो ओरडून सांगत होता. “तुमच्या हवेलीत ढोरं घुसली.”